भोंगामामाचे दात

माझं शिवणाचं दुकान आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली लोक दारात उभे राहून "पोस्ट हेच का हो?" म्हणून विचारतात आणि माझं डोकं फिरतं. बाहेर पाटी आहे, पाटीवर ही भलीमोठी कात्री काढलेली आहे, आत मशीन खडखडतंय, तरी विचारतात. पण त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! कापायच्या टेबलाखाली पार्सलं, शाळेच्या गणवेशांच्या गठ्ठ्यावर पाकिटं, आरशाच्या चौकटीत खोचलेली बिलं. त्यातलं एकही माझं नाही. सगळं माझ्या सख्ख्या मामाचं.

मामा बसस्टँडवर घोषणा करायचा. आख्खी नोकरी त्यानं त्या काचेच्या खोलीत, माइकसमोर काढली. वीज गेली तर खिडकी उघडून नुसत्या तोंडानं गाडी पुकारायचा आणि ती पार मागच्या फलाटापर्यंत ऐकू जायची. म्हणून त्याचं नाव पडलं भोंगा. नाव चिडवायला ठेवलं होतं, पण ह्या पठ्ठ्याला ते इतकं आवडलं की नवीन माणसाला स्वतःच सांगायचा, "मला भोंगा म्हणतात!" घरीसुद्धा तेच. आंघोळीचं पाणी तापलं की तो ते जाहीर करायचा आणि शेजारचे लोक आपापले बंब बघायला धावायचे.

मामी ह्याच्या बरोबर उलट. तिचं बोलणं म्हणजे "हं", "बरं", आणि फारच झालं तर "अहो, पुरे." मला लहानपणी वाटायचं की मामीला फक्त एवढेच शब्द येतात. मामाच्या तोंडाचा पट्टा सुरू असताना बाकी काही बोलायला जागा कुठे होती?

तर हा मामा रिटायर झाला आणि बेकरीवाल्याची जुनी पाव वाटायची गाडी विकत घेऊन आला. मागच्या भागात फळ्या ठोकून पलंग केला, एक शेगडी बसवली, पडदे मी शिवले. फुकट. महिनाभर फिरून येतो म्हणाला. कसलं काय! गेले ते गेलेच. गाडीला रस्ता गोड लागला आणि मामाला गाडी. आलेल्या रस्त्यानं परत जायचं नाही, असा त्यानं नियमच करून टाकला. मागे वळायला लागू नये म्हणून हा माणूस तालुकाभर वळसा घालायचा.

आता माणूस घर बंद करून गेला, तरी त्याचं टपाल थोडंच बंद होतं? पेन्शनचे कागद येणार, रक्तदाबाच्या गोळ्या येणार, चष्मा येणार. मामानं न विचारता सगळीकडे माझ्या दुकानाचा पत्ता देऊन टाकला. मी चिडले. "मामा, मी शिंपीण आहे, टपालखातं नाही!" तर फोनवर म्हणतो कसा, "पोरी, तू सुई-दोरा दोन्ही सांभाळतेस, चार पाकिटं नाही सांभाळणार?" घ्या!

मग माझी पद्धत बसली. तीन ढीग: फाडायचं, फोनवर वाचून दाखवायचं, पाठवायचं. वाचून दाखवण्याचा ढीग हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा ताप. मी इकडून विजेचं बिल वाचणार, मामा तिकडून त्यावर भाषण करणार, आणि समोर गिऱ्हाईक बाह्या वर करून मापासाठी ताटकळणार. पाठवायचा ढीग म्हणजे तर निव्वळ अंदाजपंचे. आज मामा कुठे आहे हे विचारून उपयोग नाही, कारण पार्सल पोचेपर्यंत तो तिथून निघालेला असतो. मामा अजून जिथे पोचलेलाच नाही तिथे पार्सल पाठवायचं, आणि तो वाटेत कुठे रमला नाही तर त्याची आणि पार्सलाची गाठ पडणार. घोंगडी पाठवली ती भर उन्हाळ्यात मिळाली. गोळ्या कायम एक गाव मागे. एकदा मामाचे बनियन कुठल्याशा मंगल कार्यालयात पोचले आणि तिथल्या व्यवस्थापकानं मला फोन करून "हे आहेर म्हणून नोंदवायचे का?" असं विचारलं. मी म्हटलं, नोंदवा बाबा, आणि वधूपक्षाकडून म्हणून नोंदवा.

शेवटी मामीनं तोडगा काढला. ट्रक कंपनीची पार्सल ऑफिसं बहुतेक मोठ्या गावांत होती. मामी प्रत्येक ऑफिसात जाऊन बसायची आणि तिथल्या कारकुनाच्या सदऱ्याची तुटलेली बटणं लावून द्यायची. पार्सलवाल्यांची बटणं नेहमीच तुटलेली, पोती उचलून उचलून. एवढ्यावर सगळी माणसं तिची झाली. ते आमचं पार्सल जपून ठेवायचे आणि त्या बदल्यात गाडीत हक्कानं ओझं टाकायचे. "काकू, पुढच्या गावालाच निघालात ना? मग ही गोणी तेवढी टाका." गोणीचं तोंड शिवलेलं, वर शिक्का. मामा त्या शिक्क्याला देवासारखा मान द्यायचा. परक्याच्या गोणीत डोकावायचं नाही म्हणजे नाही. बसायला जागा नसली तर गोणीच्या बाजूला बसेल, पण गोणीवर बसणार नाही.

आता दातांकडे येते.

मामाला कवळी आहे. निवृत्तीच्या आधीपासून आहे, कोणाला पत्ता नव्हता, इतकी चपखल. एका दुपारी, रस्त्याकडेला भाजलेले दाणे खाता खाता त्यात खडा आला, आणि वरच्या कवळीचे दोन तुकडे झाले. मामीनं मला फोन केला. मी आधी ओळखलंच नाही, कारण फोनवर मामीचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. "अगं, ह्यांचे दात मोडले," ती म्हणाली, "आणि हे मला काहीतरी सांगतायत, बहुतेक दाण्यांना शिव्या देतायत."

मला इतकं हसू आलं की मशीनखालची कॉलर तिरकी शिवली गेली. पण ते हसू दुसऱ्याच दिवशी उतरलं. आमच्या गावात नवीन बसस्टँड बांधून झाला होता. तिथे आता माणूस बसणार नव्हता. घोषणा एकदाच रेकॉर्ड करून ठेवायच्या आणि यंत्र त्या वाजवणार. आगारप्रमुख स्वतः माझ्या दुकानात आले. म्हणाले, "तुमच्या मामांचाच आवाज घालायचाय. स्टँडला त्यांच्या आवाजाची सवय आहे. यंत्रवाल्यांचा स्टुडिओ नदीकाठच्या शहरात आहे, पंधरा दिवसांनंतरच्या शुक्रवारची वेळ मिळालीय. त्या दिवशी झालं नाही, तर ते कंपनीतला तयार आवाज घालून मोकळे होतील. उद्घाटन पुढे ढकलता येत नाही."

मी हे फोनवर मामाला कळवलं. मग मामी म्हणाली, "रडतायत." मग म्हणाली, "आनंदानं. थांब, आता नाचतायत." मग घाबरी होऊन म्हणाली, "अगं बाई, पण दात!"

आपण गेल्यावरही आपला आवाज त्या स्टँडवर राहणार, लोकांना गाडीत बसवणार, ह्याहून मोठं त्या माणसाला काय हवं होतं? दुसरं काहीही नको होतं. आणि तोंडात दात नव्हते.

मी धावत दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्याकडे मामाचा जुना साचा होता. त्यांनी नवीन कवळी करून दिली, पण बरेच दिवस लावले, आणि वर सांगितलं, "लवकर बसवा हो, दात नसले की हिरड्या बदलतात." मी कवळी कापसात गुंडाळली, बटणांच्या डब्यात ठेवली, डबा फुलाफुलांच्या कापडात शिवला आणि गिरणीच्या गावच्या पार्सल ऑफिसचा पत्ता घातला. मंगळवारी मामा तिथे पोचणार, तिथून शुक्रवारपर्यंत आरामात नदीकाठचं शहर. हिशेब इतका चोख जमला होता की मी त्या दिवशी स्वतःलाच शाबासकी दिली.

तेवढ्या दिवसांत मामाचं बोलणं मामी करायला लागली होती. मामा तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवायचा, ते फक्त मामीला कळायचं, आणि ती ते जगाला सांगायची. पेट्रोल पंपावर, टपरीवर, पोलिसासमोर. आधी लाजत, मग खणखणीत. मामा मिनिटभर पुटपुटला तर मामी एका वाक्यात उरकायची. मी विचारलं, "मामी, एवढंच म्हणाला का गं तो?" तर म्हणते, "जास्त म्हणाले. पण कामाचं एवढंच होतं."

मंगळवारी संध्याकाळी मी मुद्दाम दुकान लवकर आवरून फोनची वाट बघत बसले. मामीचा फोन आला. पार्सल नव्हतं. ट्रक वाटेत बंद पडला होता, तिठ्यावरच्या ऑफिसात माल अडकून राहिला होता, म्हणून ते दोघं पुढे निघाले होते. नदीकाठच्या शहरात एखादा दातांचा डॉक्टर गाठू, म्हणाली. शुक्रवारपर्यंत कुठला डॉक्टर कवळी करून देणार!

फोन ठेवते न ठेवते तोच गिरणीच्या गावच्या कारकुनाचा फोन. "ताई, तुमचं पार्सल आलंय. फुलाफुलांचं कापड. न्यायला कोणी येणार ना?"

"कधी आलं?"

"आजच की. तुमच्या काका-काकूंनीच आणलं."

मी म्हटलं, "काय?"

बिचाऱ्यानं शांतपणे सांगितलं. ट्रक बंद पडला, तेव्हा तिठ्यावरच्या कारकुनानं, ज्याच्या सगळ्या बटणांना मामीचा दोरा होता त्यानं, गिरणीच्या गावाची गोणी मामाच्या गाडीत टाकली होती. मामानं ती इमानेइतबारे आणून दिली. मग काऊंटरवर विचारलं, आमचं काही आलंय का? कारकून म्हणाला, आज ट्रक आलाच नाही, फक्त ही एक गोणी आहे, ती फोडतो, तासाभरानं या. त्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मामी म्हणाली, "ती तर आम्हीच आणली. तिच्यात आमचं काय असणार?" आणि दोघं गाडीत बसून निघून गेले.

कप्पाळ माझं! माणसानं स्वतःचे दात स्वतःच्या गाडीतून, स्वतःच्या पायाशी ठेवून आणले, दुसऱ्याच्या हातात दिले, पोच घेतली, आणि दात नाहीत म्हणून रडत पुढे गेला!

मी मामीला फोन लावला आणि जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मागून मामाचं पुटपुटणं. "काय म्हणतोय?" मी ओरडले.

"म्हणतायत, शिक्का होता."

"मग आता मागे फिरा!"

पुन्हा पुटपुटणं. "म्हणतायत, नियम बाजूला ठेवून फिरले असते, पण गाडीचा पट्टा तुटलाय. उद्या संध्याकाळपर्यंत बसेल, मग जेमतेम शुक्रवार गाठता येईल."

ट्रकचं तर नावच नको. मी मशीनकडे बघितलं, गणवेशांच्या ढिगाकडे बघितलं, आणि दारावर 'दुकान बंद आहे, शिव्या नंतर द्याव्या' अशी चिठ्ठी लावली. तोवर आयुष्यात मी तालुक्याबाहेर गेले नव्हते. मला गाडी लागते. मामा आयुष्यभर गाड्या पुकारत होता आणि त्याची भाची गाडीत बसली की खिडकीतून डोकं बाहेर काढत होती. पण गेले. निघाले शेवटी ह्या माणसाच्या पार्सलांचं पार्सल होऊन!

गिरणीच्या गावात कारकुनानं डबा माझ्या हातात दिला आणि काकूंना नमस्कार सांगा म्हणाला. पुढच्या बसमध्ये मी डबा मांडीवर घट्ट धरून बसले. रस्ता खडबडीत, आत कवळी खुळखुळ खुळखुळ. शेजारच्या बाईनं विचारलं, "बाळाचा खुळखुळा का हो?" मी म्हटलं, "नाही, मामाचे दात." ती उठून पुढच्या बाकावर गेली. मला हसू फुटलं. मळमळत होतं आणि हसू थांबत नव्हतं. कंडक्टरनं मला तिकिटाबरोबर एक पिशवीही दिली. ती मला लागली, खोटं कशाला बोलू, पण डबा मी सोडला नाही.

शुक्रवारी सकाळी स्टुडिओच्या दारात पावाची गाडी उभी होती. मामा इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून, परीक्षेला आलेल्या पोरासारखा पायरीवर बसला होता. मला बघून त्यानं हंबरडाच फोडला. मी डबा त्याच्या हातात दिला. "घे. आणि पुन्हा माझा पत्ता कोणाला देशील तर बघ!"

आत भिंतींना स्पंज लावलेली छोटी खोली, काचेपलीकडे कानांवर हेडफोन चढवलेला रेकॉर्डिंगवाला. मामानं कवळी बसवली, माइकसमोर बसला, छाती फुगवली आणि सुरुवात केली. "प्रवाशांनी..." टक. "...कृपया..." टक. टक.

कवळी सैल झाली होती. डॉक्टर म्हणाले होते तेच. इतक्या दिवसांत हिरड्या बदलल्या आणि साचा जुना. मामानं पुन्हा केलं, हळू केलं, जीभ लावून धरली, बोटानं वर दाबून बघितलं. रेकॉर्डिंगवाला भला माणूस, त्याच्या जिवावर आलं होतं. "काका, आवाज सोन्यासारखा आहे. पण प्रत्येक शब्दाला टक येतंय. हे स्टँडभर वाजणार." मामाच्या मानेवरून घाम निथळत होता. मला तिथेच रडू आलं. एवढं सगळं करून, गाडीत ओकत येऊन, शेवटी हे? माझ्या मामाचा आवाज मी दातांसकट आणून दिला होता, तरी तो मिळत नव्हता.

मामानं कवळी काढली आणि टेबलावर ठेवली. मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. रेकॉर्डिंगवाल्याला कळलं नाही. आणि दाराशी उभी असलेली मामी सवयीनं बोलून गेली, "ते म्हणतायत, थोडं पाणी द्या. आपण पुन्हा प्रयत्न करू. कोणी घाई करू नये, वेळ भरपूर आहे."

काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्याचं बोट वर गेलं. "कोण बोललं ते? काकू, तुम्ही? परत बोला."

"कोण, मी?" मामी दाराच्या मागेच सरकली. "मी आपली ह्यांचं सांगत होते."

मी मामाकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. उतरणारच, माणूसच आहे तो. त्याची एकच हौस होती, ती त्याच्या डोळ्यांदेखत दुसरीकडे चालली होती. तो क्षणभर टेबलावरच्या कवळीकडे बघत राहिला. मग उठला, मामीचा हात धरून तिला ओढत आणलं, आपल्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

तो पुटपुटायचा आणि ती बोलायची. पहिली दोन वाक्यं तिनं पुटपुटल्यासारखीच केली. मग मामा तिच्या कानात बराच वेळ काही सांगत राहिला. मी विचारलं, "काय म्हणाला गं?" मामी डोळे पुसत म्हणाली, "म्हणतायत, गावाचं नाव सांगून जरा थांब. म्हाताऱ्या माणसांना पिशव्या उचलायला वेळ लागतो. आणि शेवटची गाडी सांगताना ओरडू नकोस, ज्याची चुकतेय तो आधीच घाबरलेला असतो." हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत त्यानंही कोणाला सांगितलं नव्हतं. दुपारपर्यंत मामीनं झाडून सगळ्या गाड्या पुकारल्या. एकदाही 'अहो, पुरे' म्हणाली नाही.

उद्घाटनाला दोघं आले. डॉक्टरांनी कवळी नीट बसवून दिली होती, मामाला आता हवं तेवढं बोलता येत होतं. हार झाले, भाषणं झाली, कोणी ऐकली नाहीत. मग भोंग्यातून पहिली घोषणा आली आणि आख्खा स्टँड मान वर करून बघायला लागला. मामीचा आवाज. गावाचं नाव, मग जरा थांबणं, मग फलाट. एका म्हाताऱ्या बाईनं सावकाश पिशव्या उचलल्या.

मामानं शेजारच्या अनोळखी माणसाचं मनगट धरलं. "ऐकलंत? ही माझी बायको!" मग पलीकडच्याला. मग चहावाल्याला. मामी पदरात तोंड लपवून म्हणाली, "अहो, लोक बघतायत." "बघू देत!" म्हणाला आणि माझ्या बाजूला बाकावर येऊन बसला. डोळ्यांतून घळघळा पाणी. "पोरी," तो म्हणाला, "हा आवाज माझ्या घरात होता गं. आणि मी गावभर ओरडत फिरलो, घरात कधी ऐकलाच नाही."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दुसरी गाडी लागली आणि त्यानं मला हातानं गप्प बसायला सांगितलं.